घसाऱ्याचा हिशेब : पार्थ दासगुप्ता यांच्या अर्थशास्त्राचा प्रवास

वखारीतला माल विकून आलेला पैसा आणि वखारच विकून आलेला पैसा यांत फरक आहे, हे कोणत्याही व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. वर्षअखेरीस इमारत, यंत्रे, गाड्या यांची झीज किती झाली ते पाहून, तेवढा घसारा वजा केल्यावाचून तो आपला नफा सांगत नाही. राष्ट्रांच्या हिशेबात मात्र हा साधा विवेक विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत फारसा शिरला नव्हता. जंगल तोडून लाकूड विकले की राष्ट्रीय उत्पन्न वाढते. जंगल गेले याची नोंद कुठेच होत नाही. भूजल उपसून ऊस काढला की उत्पादन वाढते. पाण्याची पातळी खाली गेली हे कोणत्याच रकान्यात उमटत नाही. 'सकल देशांतर्गत उत्पादन' या संज्ञेतला 'सकल' हा शब्दच सांगतो की येथे घसारा वजा केलेला नाही. यंत्रांचा आणि इमारतींचा घसारा काढून 'निव्वळ' उत्पादनाचा आकडा मांडला तरी नदी, माती, वन आणि मासे यांची झीज त्यात धरली जात नसे.

ही उणीव दाखवून देण्यासाठी आणि भरून काढण्यासाठी ज्या मोजक्या अर्थशास्त्रज्ञांनी आयुष्य वेचले, त्यांत पार्थ दासगुप्ता यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. २०२१ साली ब्रिटनच्या अर्थखात्याने त्यांचा जैवविविधतेच्या अर्थशास्त्रावरील अहवाल प्रसिद्ध केला आणि अर्थशास्त्राच्या वर्तुळाबाहेर त्यांचे नाव पोहोचले ते मुख्यतः या अहवालामुळे. निसर्ग हे भांडवल आहे, ते आपण उधळतो आहोत, आणि त्याचा हिशेब ठेवला पाहिजे, एवढे त्यांचे म्हणणे आता पुष्कळांना ठाऊक असते. आम्हांला ही ओळख खोटी वाटत नाही, पण अपुरी वाटते. दासगुप्ता यांच्या कार्याचे स्थूलमानाने तीन टप्पे पडतात. पहिल्यात ते संपुष्टात येणाऱ्या साधनसंपत्तीचे गणित मांडतात. दुसऱ्यात गावातल्या गरिबाचे शरीर, त्याचे कुटुंब आणि त्याचे गायरान यांचा विचार करतात. तिसऱ्यात राष्ट्राच्या एकूण संपत्तीचा ताळेबंद उभा करतात. तिसऱ्या टप्प्याची कीर्ती झाली, पहिल्याला विद्यापीठांत मान मिळाला. मधला टप्पा मात्र त्या मानाने विस्मरणात गेला. आणि आमच्या मते, तो मधला टप्पा वगळला तर शेवटच्या टप्प्याचा अर्थच बदलून जातो. प्रस्तुत लेखाचा हाच मुख्य मुद्दा आहे.

पार्थ दासगुप्ता यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९४२ रोजी ढाक्यात झाला. वडील अमियकुमार दासगुप्ता (१९०३–१९९२) हे ढाका विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवीत. पुढे ते बनारस हिंदू विद्यापीठात गेले. भारतीय अर्थशास्त्रज्ञांच्या त्या पिढीत अमियबाबूंचे स्थान मोठे होते. अमर्त्य सेन त्यांना गुरुस्थानी मानतात. अशा घरात वाढलेला मुलगा अर्थशास्त्राकडे सहजच वळला असेल असे आपल्याला वाटेल, पण तसे घडले नाही. वाराणसीच्या राजघाट बेझंट शाळेतून पार्थ दिल्लीच्या हंसराज महाविद्यालयात गेले ते भौतिकशास्त्र शिकायला. १९६२ मध्ये तेथील पदवी घेऊन त्यांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात गणिताचा अभ्यास केला आणि १९६५ मध्ये ती पदवी मिळवली. अर्थशास्त्राकडे ते वळले त्यानंतर. जेम्स मिरलीस यांच्या मार्गदर्शनाखाली १९६८ साली त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली. प्रबंधाचा विषय होता लोकसंख्या आणि इष्टतम आर्थिक वाढ. त्याच वर्षी त्यांचा विवाह कॅरल मीड यांच्याशी झाला. कॅरल या अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांच्या कन्या. मीड यांना १९७७ मध्ये आणि मिरलीस यांना १९९६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. दासगुप्ता कोणत्या परंपरेत वाढले हे यावरून कळते. ती परंपरा कठोर गणिताची होती, आणि त्याचबरोबर ते गणित कोणाच्या भल्यासाठी, हा प्रश्न न सोडणारीही होती.

या परंपरेच्या मुळाशी एक जुना निबंध आहे. फ्रँक रॅम्से या तरुण गणितज्ञाने १९२८ मध्ये विचारले होते की, एखाद्या राष्ट्राने आपल्या उत्पन्नातला किती भाग भविष्यासाठी राखून ठेवावा? उद्या जन्मणाऱ्यांचे सुख आजच्यांच्या सुखापेक्षा कमी मोलाचे धरणे नैतिकदृष्ट्या असमर्थनीय आहे, असे रॅम्से यांचे मत होते. छत्तीस-सदतीस वर्षांनी अर्थशास्त्रात शिरलेल्या दासगुप्ता यांनी हा प्रश्न जन्मभर सोडला नाही. पुढे केंब्रिजमध्ये ज्या अध्यासनावर ते १९९४ ते २०१० या काळात होते, त्याला रॅम्से यांचेच नाव आहे, हा योग मोठा समर्पक म्हणावा लागेल.

१९७१ मध्ये दासगुप्ता लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवू लागले. पुढच्याच वर्षी स्टीफन मार्गलिन आणि अमर्त्य सेन यांच्यासह त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेसाठी प्रकल्प-मूल्यमापनाची मार्गदर्शिका लिहिली. विकसनशील देशातल्या सरकारने धरण बांधावे की कारखाना काढावा, हे कसे ठरवायचे? बाजारातल्या किमती पाहून ठरवावे तर त्या किमती अनेकदा खोटे सांगतात. जेथे लाखो हात रिकामे आहेत तेथे मजुरीचा दर हा समाजाला पडणारा खरा खर्च नव्हे. जेथे परकीय चलनाचा तुटवडा आहे तेथे आयात यंत्राची छापील किंमत ही त्याची खरी किंमत नव्हे. म्हणून बाजारभावाच्या मागे दडलेली, समाजाच्या दृष्टीने खरी अशी 'छाया किंमत' शोधावी लागते. ही संकल्पना लक्षात ठेवावी. दासगुप्ता यांच्या हातातले हे सर्वांत जुने हत्यार आहे आणि अखेरपर्यंत त्यांनी तेच वापरले. फरक इतकाच की १९७२ मध्ये ते मजुरी आणि परकीय चलन यांना लावले होते. पुढे ते खारफुटीला आणि पाणथळ जागांना लावले गेले.

१९७२ हेच 'वाढीच्या मर्यादा' सांगणाऱ्या सुप्रसिद्ध अहवालाचेही वर्ष. जगाची साधनसंपत्ती संपणार, असा इशारा त्यात होता. पुढच्या वर्षी तेलाच्या किमती भडकल्या आणि तो इशारा अनेकांना खरा वाटू लागला. अर्थशास्त्रज्ञांनी त्याला उत्तर दिले ते १९७४ मध्ये, एका संशोधनपत्रिकेच्या विशेषांकात. रॉबर्ट सोलो आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्या निबंधांबरोबर त्यात दासगुप्ता आणि जेफ्री हील यांचाही निबंध होता. खनिजे संपत असताना त्यांच्या जागी यंत्रे, कौशल्य आणि ज्ञान येऊ शकते का, यावर सारे अवलंबून आहे, असे या मंडळींनी दाखवले. अशी अदलाबदल पुरेशी सोपी असेल तर संपुष्टात येणाऱ्या साधनांवरही समाज दीर्घकाळ तगू शकतो. नसेल तर नाही. परंतु दासगुप्ता आणि हील यांच्या गणितातून आणखी एक अस्वस्थ करणारा निष्कर्ष निघाला. भावी पिढ्यांचे कल्याण आजच्यापेक्षा थोडेसे जरी कमी मोलाचे धरले, तर तगून राहणे शक्य असूनही 'इष्टतम' मार्ग समाजाला कालांतराने ऱ्हासाकडेच नेतो. याचा अर्थ असा की, दूरच्या वारसांचे दारिद्र्य हे टंचाईचे फळ असेलच असे नाही. आज केलेल्या एका साध्या वजावटीचेही ते फळ असू शकते. १९७९ मध्ये या दोघांनी संपुष्टात येणाऱ्या साधनसंपत्तीच्या सिद्धान्तावर मोठा ग्रंथ लिहिला आणि तो त्या विषयाचा आधारग्रंथ ठरला.

येथपर्यंतचे दासगुप्ता हे उत्तम सैद्धान्तिक अर्थशास्त्रज्ञ होते. तेल, कोळसा, धातू यांचे साठे, आणि त्यांची विल्हेवाट लावणारा एक काल्पनिक, सर्वज्ञ नियोजक, असे त्यांचे विश्व होते. त्या विश्वात गाव नव्हते. गाव आले ते पुढच्या दशकात.

१९८२ च्या 'साधनसंपत्तीचे नियंत्रण' या आशयाच्या ग्रंथात त्यांनी मासेमारी, चराऊ राने, भूजल आणि वने यांकडे लक्ष वळवले. खनिज आणि वन यांत मूलभूत भेद आहे. खनिज वापरले की संपते. वन, कुरण, माशांचे थवे हे स्वतःला पुन्हा भरून काढतात, मात्र त्यांच्या पुनरुज्जीवनाच्या वेगापेक्षा अधिक वेगाने ओरबाडले नाही तरच. आणि भारतासारख्या देशातला गरीब माणूस जगतो तो तेलावर नव्हे, तर या दुसऱ्या प्रकारच्या साधनांवर. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी सामाईक कुरणाच्या शोकांतिकेचा सिद्धान्त मांडला होता. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, म्हणून सामाईक कुरणाचा नाश अटळ, असे त्याचे सार. हा निबंध इतका गाजला की सामाईक मालमत्ता म्हणजे उधळपट्टी, हे समीकरणच होऊन बसले. दासगुप्ता यांनी या युक्तिवादातल्या चुका कठोरपणे दाखवून दिल्या. जेथे कोणीही यावे आणि कितीही न्यावे अशी मोकळीक आहे, ती जागा वेगळी. आणि जे गावाचे आहे, ज्याला गावाचे नियम आहेत, परक्याला जेथे मज्जाव आहे, ते गायरान वेगळे. हार्डिन यांनी पहिल्याचे दोष दुसऱ्याच्या माथी मारले होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पुढे १९९० च्या ग्रंथात अशा सामाईक व्यवस्थांचे नियम जगभरातून गोळा केले आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, हे आता सर्वश्रुत आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत हा भेद आधीच रेखाटणाऱ्यांत दासगुप्ता होते, हे तितकेसे सर्वश्रुत नाही.

येथे महाराष्ट्राचा संबंध येतो. १९८६ मध्ये एन. एस. जोधा यांनी महाराष्ट्रासह सात राज्यांतल्या कोरडवाहू जिल्ह्यांमधील ऐंशीहून अधिक गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गरीब कुटुंबांच्या उत्पन्नाचा सुमारे १४ ते २३ टक्के भाग सामाईक साधनांतून येतो, असे त्यात दिसले. सरपण, चारा, मध, डिंक, पालापाचोळा, तळ्यातले पाणी आणि मासे या गोष्टी विकत घेतल्या जात नाहीत, म्हणून कोणत्याही सरकारी आकड्यात येत नाहीत. सधन शेतकऱ्याच्या उत्पन्नात हा वाटा नगण्य होता. याच काळात सामाईक जमिनीचे क्षेत्र झपाट्याने घटत होते: काही वाटपात गेले, काही अतिक्रमणात, काही खाजगी मशागतीखाली. गायरान नांगराखाली आले की धान्याचे उत्पादन वाढते आणि राष्ट्रीय उत्पन्नात भर पडते. ज्या भूमिहीन बाईची शेळी तेथे चरत होती तिचे नुकसान मात्र कोणी लिहीत नाही. दासगुप्ता यांनी जोधांच्या या अभ्यासाचा वारंवार आधार घेतला. कारण निसर्गाची झीज आणि गरिबाची लूट या एकाच घटनेच्या दोन बाजू असू शकतात, हे त्यात आकड्यांनिशी दिसत होते.

याच वर्षांत ते दारिद्र्याच्या आणखी खोल थरापर्यंत, म्हणजे प्रत्यक्ष शरीरापर्यंत गेले. देवराज राय यांच्यासह १९८६ आणि १९८७ मध्ये त्यांनी लिहिलेले दोन निबंध कुपोषण आणि बेकारी यांचा संबंध उलगडतात. मनुष्य जे अन्न खातो त्यातली सुमारे ६० ते ७५ टक्के ऊर्जा केवळ शरीर चालू ठेवण्यात खर्च होते. उरलेली कामाला येते. म्हणजे जगणे हाच एक मोठा स्थिर खर्च आहे. ज्याच्याकडे थोडी जमीन आहे त्याचा हा खर्च अंशतः जमिनीतून भागतो, म्हणून तो कमी मजुरीतही कामाला उभा राहू शकतो. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला त्याच मजुरीत पुरेसे खाता येत नाही, म्हणून त्याची कार्यशक्ती घटते, म्हणून त्याला काम मिळत नाही, म्हणून तो आणखी कमी खातो. विषमता अशी माणसाच्या स्नायूंत उतरते. सारेच बाजारनियमांनी वागत असतानाही एक मोठा वर्ग कामाबाहेर आणि जेवणाबाहेर फेकला जाऊ शकतो, हे या निबंधांनी तर्काच्या कसोटीवर सिद्ध केले.

या विषयावर पुण्यात तेव्हा एक मोठा वाद झाला होता. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याची मोजणी करताना दरडोई रोज २,२५० उष्मांक हा निकष धरला होता. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे सुपुत्र आणि आंतरराष्ट्रीय कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर आक्षेप घेतला. शरीराची गरज स्थिर नसते, ती दिवसागणिक बदलते, आणि कमी आहाराशी शरीर काही मर्यादेत जुळवूनही घेते. म्हणून सरासरीच्या खाली खाणाऱ्या प्रत्येकाला कुपोषित म्हणणे चूक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. दांडेकरांनी त्याला उत्तर दिले. युक्तिवाद संख्याशास्त्राचा होता, पण पणाला लागले होते कोट्यवधी माणसांचे जेवण. कारण रेषा खाली सरकली की भुकेलेल्यांची संख्या कागदावर आपोआप घटते. दासगुप्ता आणि राय यांनी १९९० मध्ये या गृहीतकाचे जीवशास्त्रीय पुरावे तपासले. शरीर जुळवून घेते, हे खरे. पण ते फुकट जुळवून घेत नाही. खुंटलेली उंची, घटलेली कार्यशक्ती, आजाराला लवकर बळी पडणे हीच त्या जुळवणुकीची किंमत असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. सुखात्म्यांच्या विद्वत्तेबद्दल आदर ठेवूनही या वादात आम्हांला दासगुप्तांची बाजू अधिक बळकट वाटते. बारकाईने पाहिले तर येथेही प्रश्न घसाऱ्याचाच आहे. कमी अन्नात तगून राहिलेले शरीर हे आपले भांडवल खाऊन तगलेले असते.

१९९३ च्या 'अॅन इन्क्वायरी इंटू वेल-बीइंग अँड डेस्टिट्यूशन' या बृहद्ग्रंथात हे सारे धागे एकत्र आले. पोषण, जमीन, कुटुंबातली स्त्रीची स्थिती, मुलांची संख्या, सामाईक साधने हे विषय तोवर वेगवेगळ्या तज्ज्ञांचे मानले जात. दासगुप्ता यांनी त्यांची एकमेकांत गुंतलेली साखळी दाखवली. सरपण आणि पाणी दूर गेले की ते आणायला अधिक हात लागतात. म्हणून घरात मुले अधिक हवी वाटतात. मुले अधिक झाली की आसपासच्या साधनांवरचा ताण वाढतो. सरपण आणखी दूर जाते. या चक्रात सर्वांत आधी भरडली जाते ती बाई, आणि तिच्यामागून शाळेऐवजी रानात जाणारी मुलगी. १९९५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधील लेखात त्यांनी हे सर्वसामान्य वाचकांसाठी मांडले. लोकसंख्येविषयीच्या त्यांच्या आग्रहावर पुष्कळ टीका झाली आहे. श्रीमंत देशांच्या उपभोगाचे पाप गरिबांच्या मुलांवर ढकलले जाईल ही भीती अनाठायी नाही, आणि हा विषय चुकीच्या हातांत पडला की काय होते ते आपण आणीबाणीत पाहिले आहे. तथापि दासगुप्तांचा युक्तिवाद सक्तीचा नाही. स्त्रीचे शिक्षण, तिच्या हाती येणारे उत्पन्न आणि घराजवळचे पाणी हे त्यांचे उपाय आहेत. उपभोगाच्या अतिरेकावरही त्यांनी तितक्याच सातत्याने लिहिले आहे.

केंब्रिजमध्ये ते १९८५ पासून प्राध्यापक होते. १९८९ ते १९९२ ही वर्षे त्यांनी स्टॅनफर्डमध्ये काढली. १९९१ मध्ये स्टॉकहोमच्या बेयर संस्थेची परिस्थितिकीय अर्थशास्त्रासाठी पुनर्रचना झाली आणि स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ कार्ल-योरान मेलर यांच्याबरोबर दासगुप्ता यांनी तेथे अर्थशास्त्रज्ञ आणि जीवशास्त्रज्ञ यांना एका टेबलाभोवती बसवले. या सहवासातून १९९५ मध्ये 'सायन्स'मध्ये एक छोटा पण महत्त्वाचा निबंध आला. केनेथ अॅरो, दासगुप्ता, मेलर आणि अनेक परिस्थितिकीतज्ज्ञ त्याचे लेखक होते. देश श्रीमंत झाला की पर्यावरण आपोआप सुधारते, हा तेव्हा रूढ होत असलेला दिलासा त्यांनी तपासला आणि मर्यादित ठरवला. काही स्थानिक प्रदूषणांपुरते ते खरे असेल. माती, वने आणि परिसंस्था यांच्या साठ्यांना ते लागू होत नाही, कारण एका मर्यादेपलीकडे गेलेली परिसंस्था परत येतेच असे नाही.

संस्था उभारण्याचे त्यांचे कामही येथे नोंदले पाहिजे. पर्यावरण आणि विकास यांचे अर्थशास्त्र एकत्र छापणारी, गरीब देशांतल्या संशोधकांना स्थान देणारी केंब्रिजची संशोधनपत्रिका १९९६ मध्ये सुरू झाली. १९९९ मध्ये काठमांडूला दक्षिण आशियातील विकास आणि पर्यावरण अर्थशास्त्रज्ञांचे जाळे उभे राहिले. दासगुप्ता आणि मेलर तेथे नियमित शिकवायला जात. भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका येथल्या तरुण अध्यापकांना आपल्याच गावांचे प्रश्न आंतरराष्ट्रीय दर्जाने मांडता यावेत, हा त्यामागचा हेतू होता.

तिसऱ्या टप्प्याचा पाया २००० मध्ये मेलर यांच्यासह लिहिलेल्या निबंधात आणि २००१ च्या मानवी कल्याण व नैसर्गिक पर्यावरण यांवरील ग्रंथात आहे. त्यातला मुख्य विचार थोडक्यात असा. समाजाची प्रगती उत्पन्नावरून मोजू नये, संपत्तीवरून मोजावी. संपत्ती तीन प्रकारची: रस्ते, यंत्रे, इमारती ही उत्पादित, आरोग्य, शिक्षण, कौशल्य ही मानवी, माती, पाणी, वने, जीवसृष्टी ही नैसर्गिक. प्रत्येकाला छाया किंमत लावून बेरीज केली की 'समावेशक संपत्ती' मिळते. ती दरडोई वाढत असेल तर विकास टिकाऊ. घटत असेल तर, उत्पन्न कितीही वाढो, आपण पुढच्यांचे खात आहोत. १९७० ते १९९३ या काळाची ढोबळ आकडेमोड करून त्यांनी दाखवले की भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि नेपाळ येथे दरडोई उत्पन्न वाढत असतानाच दरडोई संपत्ती घटत होती. नंतरच्या अभ्यासांत, वेगळी गृहीतके घेतल्यावर, भारताचे चित्र काहीसे बरे दिसले. परंतु उत्पन्नाची रेषा आणि संपत्तीची रेषा विरुद्ध दिशांना जाऊ शकतात, हा मुद्दा त्याने बाधित होत नाही.

भारत सरकारने २०११ मध्ये हरित राष्ट्रीय लेखांसाठी तज्ज्ञगट नेमला तेव्हा अध्यक्षपद दासगुप्तांकडे आले आणि २०१३ मध्ये अहवाल सादर झाला. 'हरित जीडीपी' नावाचा एकच चमकदार आकडा जाहीर करावा, या मोहाला तो अहवाल बळी पडला नाही. अंतिम ध्येय संपत्तीची मोजणी हे असावे आणि तेथे टप्प्याटप्प्याने, आधी माहिती नीट गोळा करीत जावे, असा त्याचा रोख होता. २०१८ पासून केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय पर्यावरणीय लेखांचे अंक प्रसिद्ध करते आहे. अर्थसंकल्पावरच्या चर्चांत मात्र अजूनही जीडीपीचाच दर गाजतो.

ब्रिटनच्या अर्थखात्याने २०१९ मध्ये सोपवलेले काम २ फेब्रुवारी २०२१ रोजी सहाशे पानांच्या अहवालाच्या रूपाने पुढे आले. त्यातली एक आकडेवारी सर्वत्र उद्धृत झाली: १९९२ ते २०१४ या काळात जगातील दरडोई उत्पादित भांडवल दुप्पट झाले, मानवी भांडवल सुमारे १३ टक्क्यांनी वाढले आणि नैसर्गिक भांडवल जवळजवळ ४० टक्क्यांनी घटले. निसर्गाचे नुकसान करणाऱ्या कामांना जगभरची सरकारे दरवर्षी ४ ते ६ लाख कोटी डॉलरचे अनुदान देतात, असाही अंदाज त्यात होता. पण या आकड्यांहून अधिक मूलगामी आहे ते अहवालाचे गृहीतक. अर्थव्यवस्था निसर्गाच्या बाहेर नाही, ती त्याच्या आत आहे. म्हणून तिच्या वाढीला मर्यादा आहेत. १९७४ मध्ये साधनांच्या जागी यंत्रे येऊ शकतील का, एवढाच प्रश्न विचारणाऱ्या गणितज्ञाने सत्तेचाळीस वर्षांनी त्याचे उत्तर दिले. परागीभवन करणारे कीटक, माती घडवणारे जीवजंतू, पाणी धरून ठेवणारी वने यांच्या जागी काहीही येऊ शकत नाही. पन्नाशीच्या आसपास जीवशास्त्र शिकायला बसलेल्या अर्थशास्त्रज्ञाच्या बौद्धिक प्रामाणिकपणाचे हे उदाहरण आम्हांला विलक्षण वाटते.

या अहवालावर सर्वांत तीव्र टीका झाली ती 'भांडवल' या शब्दावरून. निसर्गाला भांडवल म्हटले की तो विकाऊ होतो. किंमत लावली की गिऱ्हाईक येते, असे टीकाकार म्हणतात. छाया किंमत ही विकण्यासाठी नसते, उलट बाजारभाव किती खोटा आहे हे दाखवण्यासाठी असते, असे त्यावर सांगता येते. निसर्गाचे मोल केवळ उपयोगात नाही, त्याला स्वतःचे आणि पावित्र्याचेही मोल आहे, हे अहवाल स्वतःच मान्य करतो. तरीही टीका पूर्णपणे निरस्त होत नाही. हत्यार ज्याने घडवले त्याच्याच हातात ते राहत नाही. एका जागचे जंगल तोडून दुसऱ्या जागी रोपे लावली, आणि ताळेबंद जुळला असे जाहीर केले, तर आकड्यांच्या पातळीवर तक्रार करता येणार नाही. ज्या पाड्याचे जंगल गेले त्याला दूरच्या रोपवाटिकेचा काय उपयोग?

याच ठिकाणी मधल्या टप्प्यातले दासगुप्ता आठवावे लागतात. राष्ट्राच्या संपत्तीची बेरीज घसारा किती झाला ते सांगते. तो कोणाचा झाला ते सांगत नाही. ते सांगणारी पाने १९८२ ते १९९५ मधली आहेत. गायरान कोणाचे होते, सरपणाला कोण जात होते, कोणाच्या शरीराने कमी अन्नाची किंमत चुकवली, हे प्रश्न त्यांत आहेत. उत्तरकालीन ग्रंथांत ते लोपले आहेत असे नाही. २००७ च्या छोटेखानी प्रास्ताविक पुस्तकातही त्यांनी सारे अर्थशास्त्र दोन दहा वर्षांच्या मुलींच्या आयुष्यांतून समजावले आहे. एक अमेरिकेच्या उपनगरातली, दुसरी इथिओपियाच्या खेड्यातली. पण अहवालांचे सारांश वाचणाऱ्या अधिकाऱ्यांपर्यंत आणि बँकांपर्यंत पोहोचतात ते राष्ट्रीय आकडे. नैसर्गिक भांडवल हा शब्द त्यांनी उचलला. त्या भांडवलाचा मालक कोण, हा प्रश्न मागे राहिला.

मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने राष्ट्रीय लेखांची नवी जागतिक पद्धती स्वीकारली. नैसर्गिक साधनांचा उपसा हा उत्पादनाचा खर्च म्हणून निव्वळ उत्पादनातून वजा करावा, असे तिच्यात ठरले आहे. परिसंस्थांचा ऱ्हास अजून मुख्य हिशेबाबाहेरच आहे. वयाच्या ऐंशीनंतरही लिहीत राहिलेल्या, २०२५ मध्येच नैसर्गिक भांडवलावर नवे पुस्तक देणाऱ्या दासगुप्ता यांच्या खटपटीचे हे अपुरे, तरीही खरे फळ मानावे लागेल. घसाऱ्याचा रकाना आता आखला गेला आहे. तो भरताना देशाच्या बेरजेबरोबर जिल्ह्याची, गावाची आणि भूमिहीन घराची बेरीजही मांडली जाते की नाही, यावर या हिशेबाचा गरिबाला उपयोग होणार की नाही ते ठरेल. त्यासाठी कोणती माहिती गोळा करावी याचा आराखडा १९९३ च्या त्या जाडजूड ग्रंथात तयार आहे. अहवाल वाचून थांबलेल्या वाचकांनी तो ग्रंथ उघडावा, एवढेच आमचे सांगणे आहे.